अधिकचं वजा आणि गेडाम बाई

घुग्घुसच्या आमच्या शाळेत गेडाम बाईंपुढे कुणाला लांबण लावता येत नसे. "बाई, काल पाहुणे आले, मंग लाइन गेली, मंग बकरीनं वही..." एवढ्यात त्या खडू उगारत.

"कटछाट कर व. सोपं रूप सांग."

"अभ्यास नाई केला, बाई."

"हां! आलं उत्तर."

मुख्याध्यापकांचं भाषणसुद्धा एकदा त्यांनी "सर, हे एका ओळीत बसते" म्हणून आटोपतं घ्यायला लावलं होतं.

दहावीला त्या त्रिकोणमिती शिकवत. फळाभर पसरलेली राशी पाहून आम्ही गारठलो की म्हणत, "साइनवर्ग अन् कॉसवर्गाची बेरीज दिसली का बिनधास्त एक लिहा. भिऊन काऊन राह्यले?"

एकदा त्यांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता. म्हणून गाइडमधलं गणित वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. दोन अपूर्णांक, मध्ये अधिकचं चिन्ह. माझ्या तोंडात चिंच होती, ती लपवायच्या घाईत मी अधिकचं वजा वाचलं.

बाईंनी छेद सारखे केले, कंस सोडवला, खाली-वर कापाकापी केली. उत्तर दोन टॅन थीटा.

"गाइडात काय हाये?"

"दोन सेक थीटा."

बाईंनी तीन वेगवेगळ्या रीतींनी सोडवून पाहिलं. टॅन काही हलेना. "म्हंजे गाइडच चुकलं!" त्यांनी त्याच दिवशी प्रकाशकाला पत्र लिहिलं. चष्म्याविना लिहिल्यामुळे अक्षरं एवढाली मोठी, की पानावर चारच ओळी मावल्या. माझी चूक मला केव्हाच कळली होती, पण बोलायची हिंमत होईना.

महिनाभरानं उत्तर आलं : चूक दाखवल्याबद्दल आभार, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू. बाईंनी वर्गात पेढे वाटले. माझा पेढा मी टेबलावर परत ठेवला. मी रडतरडत चिंचेसकट सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा पुसला, गाइड उघडलं आणि त्या अधिकवर बोट ठेवलं. मग टेबलावर डोकं टेकून इतक्या हसल्या, की शेजारच्या वर्गातले सर धावत आले.

"आता त्यायले थांबवा लागते," म्हणून त्यांनी दुसरं पत्र धाडलं. पण उशीर झाला होता. नव्या गाइडात अधिक तसंच राहिलं आणि उत्तर मात्र दोन टॅन थीटा झालं!

तेव्हापासून दरवर्षी बाई ते गणित फळ्यावर लिहीत आणि चूक शोधायला लावत. गाइडात ही चूक आली कशी असं कुणी विचारलंच, तर म्हणत, "मीच घातली ना ते चूक." माझं नाव त्यांनी कधी काढलं नाही.

पुढे माझी धाकटी बहीण दहावीत गेली. ती घरी येऊन म्हणाली, "ताई, बाई येवढ्या हुशार, मंग अधिक-वजात कशा चुकल्या व?" मला राहवलं नाही, मी तिला खरं सांगून टाकलं. तिनं दुसऱ्या दिवशी ते भर वर्गात जाहीर केलं. बाईंनी तिला, चहाडी केली म्हणून, तेच गणित वीस वेळा सोडवायला लावलं.

आणि माझ्यासाठी निरोप धाडला : "चिंच कोनत्या झाडाची होती, तेवढं सांग म्हना."