पूर्वेला पाणी

नाशिकला समुद्र नाही, हे तात्यांना कुणीतरी एकदा बसवून सांगायला हवं होतं. सकाळी गच्चीवर दात घासता घासता ते खाली रस्त्यावरच्या माणसाला ओरडून सांगत, "आज भरती साडेअकराला हाय. वारा उत्तरेचा. अवघड हाय." खालचा माणूस म्हणजे दूधवाला असे, नाहीतर सायकलवरून सातपूरला कामावर निघालेला कुणी. तो मान डोलवी आणि पॅडल मारी. भरती कुठली आणि अवघड कुणाला, हे विचारायच्या भानगडीत आमच्या कॉलनीत कुणी पडत नसे, कारण विचारलं की अर्धा तास गेलाच. कॉलनीने त्यांचं नाव भरतीतात्या ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, असा मला दाट संशय आहे.

तात्या ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. मी शाळेत असताना ते आमच्या शेजारच्या बैठ्या घरात राहायला आले आणि तिथेच निवृत्त झाले. घरात ते, माई आणि त्यांची एकुलती एक मुलगी सुलभा. सुलभा माझी वर्गमैत्रीण. ती पुढे नर्स झाली, लग्न झालं आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नवऱ्यासोबत इंग्लंडला गेली. दोघांनाही तिकडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका हॉस्पिटलात काम मिळालं. जवळच एका लहानशा गावात तिला एक बंगली पसंत पडली. पुढे बाग, मागे बाग आणि बागेपलीकडे समुद्र. किंमत इतकी कमी की तिलाच शंका आली, म्हणून तिने वडिलांना फोन केला. त्या फोनच्या वेळी मी तात्यांकडेच होते.

ती नाशिकला वास्तुशास्त्राची साथ आलेली वर्षं. चांगली शहाणीसुरती माणसं संडास फोडून तिथे देवघर आणि देवघर फोडून तिथे जिना करत होती. तात्यांनीही एस.टी. स्टँडवरून एक पातळसं पुस्तक आणून तोंडपाठ केलं होतं. त्यांनी लेकीला एकच प्रश्न विचारला, "समुद्र घराच्या कंच्या अंगाला हाय?"

"पूर्वेला, तात्या."

"मग डोळे झाकून घे. पूर्वेला पानी म्हंजे लय उत्तम."

समुद्र घरापासून किती लांब आहे, तो आपल्या जागी राहतो की पुढे येतो, हे त्यांनी विचारलं नाही. सुलभाने घर घेतलं.

ती बंगली समुद्रावरच्या एका उंच कड्यावर होती. तो कडा मातीचा होता, आपल्याकडच्या मुरमाइतका ठिसूळ. पहिल्या हिवाळ्यातच मागच्या बागेचं कुंपण खाली गेलं. पुढच्या खेपेला एक सफरचंदाचं झाड गेलं. दर रविवारी सुलभाचा फोन यायचा आणि ती हसत हसत सांगायची, "तात्या, आज आमची बाग अजून थोडी लहान झाली." ती हसायची, पण तात्या हसत नसत. त्यांनी भिंतीवर दुसरं घड्याळ लावलं, इंग्लंडच्या वेळेचं. तिकडे वर्षातून दोनदा घड्याळं मागेपुढे करतात, तेव्हा इकडे तात्या स्टुलावर चढत आणि माई खालून स्टूल धरून पुटपुटत. शेजारी मराठी कॅलेंडर आणि त्याच खिळ्याला भरती-ओहोटीचं छापील पुस्तक, सुलभाने तिथल्या दुकानातून घेऊन पाठवलेलं. एकादशी कधी आणि भरती कधी, दोन्ही एकाच नजरेत.

मग तात्या ब्रिटिश सरकारच्या मागे लागले. रोज सकाळी वाचनालयात जाऊन इंग्रजी वर्तमानपत्रं वाचायची, दुपारी रेडिओला कान लावायचा आणि संध्याकाळी कॉलनीच्या कट्ट्यावर निकाल द्यायचा. किनाऱ्यावरचे जुने लाकडी बंधारे आता दुरुस्त करायचे नाहीत, काही ठिकाणी समुद्राला येऊ द्यायचं, असं तिकडच्या सरकारने ठरवलं होतं. तात्या संतापले. "आपलं सरकार काम करत नाय आन ते सांगत बी नाय. यांचं सरकार काम करनार नाय हे आधी छापून देतं!" तिथला पर्यावरणमंत्री बदलला की ते अशा स्वरात सांगत, जणू आमच्या वॉर्डातला पाणी सोडणारा बदलला आहे. "आता नवा आलाय. बघू काय करतो." नवा काही करत नसे. मग तात्या त्यालाही नावं ठेवायला मोकळे होत.

हवामान बदलतं आहे, हे मात्र ते ठामपणे मानत, आणि तेही कॉलनीत कुणी तो शब्द धड उच्चारत नसताना. त्यासाठी तिकडे मोटारींवर कर बसवले, समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायचं ठरलं, हे वाचून त्यांना आधी बरं वाटलं आणि लगेच राग आला. "पंखे रोवता येत्यात समुद्रात, आन काठाला भिंत बांधता येत नाय? अख्ख्या जगाचा ताप उतरवायला निघालेत, घरातलं पोर पान्यात उभं हाय त्याचं काय?" कधी कधी हा राग उलट फिरायचा आणि त्यांच्याच अंगावर यायचा. "इमानांनी धूर केला, धुरानं समुद्र फुगला. इमानं कुनी बनवली? आम्हीच ना?"

"तुम्ही एकट्यानं नाय बनवली," माई आतून म्हणत. "चहा घ्या."

उन्हाळ्याच्या दुपारी, तिकडे सकाळ व्हायच्या सुमारास, तात्या ओट्यावर आरामखुर्चीत डोळे मिटून बसत. रस्ता सुनसान, जाईची वेल निपचित, कुठेतरी कुकरची शिट्टी. अशा वेळी त्यांच्या शेजारी जाऊन बसायला मला फार आवडे. ते हळू आवाजात ते गाव सांगू लागत. राखाडी पाणी, त्यावर तरंगणारे पांढरे पक्षी, कड्याच्या टोकापर्यंत गेलेलं गवत, गवतातून गेलेली पायवाट, जी एका ठिकाणी एकदम संपते. मी ते गाव फोटोत पाहिलं होतं. तात्या तिथे राहत होते. बोलता बोलता त्या गावात एक चिंच यायची. तिच्याखाली पार, पाराशेजारी पायऱ्यांची विहीर. इंग्लंडात चिंच कुठून आली, हे मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं, कारण माईंनी मला ती कहाणी केव्हाच सांगितली होती. तात्या जेमतेम मिसरूड फुटलेले असताना त्यांचं गाव धरणाखाली गेलं. ज्याच्या घरात एकदा पाणी शिरलं आहे, त्याने तरी पाण्यावर इतका विश्वास टाकायला नको होता. पण एका पातळशा पुस्तकाने त्यांना सांगितलं होतं की पूर्वेचं पाणी वेगळं असतं.

दोन हजार सालानंतरच्या एका मे महिन्यात सुलभा एकटीच महिनाभरासाठी आली. तोवर कडा तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी आला होता. ती वाळली होती. दुसऱ्याच दिवशी माझ्या घरी येऊन तिने मन मोकळं केलं. "मला ते घर सोडायचंय गं. रात्री वारा सुटला की मी बूट घालून झोपते. पण ते तात्यांनी 'घे' म्हटलेलं घर आहे. मी सोडलं की ते म्हणणार, माझ्यामुळे पोरीचं सगळं गेलं. हे ते सहन करतील असं वाटतं तुला?" संध्याकाळी भाजी निवडताना माई म्हणाल्या, "सुली तिथं राहते म्हनून ह्यांना झोप नाय, आन सोड म्हनायला तोंड नाय." बाप आणि लेक एकाच पंगतीला बसून जेवत होती आणि दोघंही फक्त आमटीबद्दल बोलत होती. मला दोघांचाही राग आला.

आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता आणि धरणाचं पाणी खूप उतरलं होतं. "गाव वर आलंय," तात्या एका सकाळी म्हणाले. उन्हाळ्यात गाव असं वर आलं की जुने गावकरी जाऊन आपापल्या उंबऱ्याला हळद-कुंकू वाहत. तात्या, सुलभा आणि मी एस.टी.ने गेलो आणि पुढे भेगाळलेल्या गाळावरून चालत. आधी देवळाचं जोतं दिसलं, मग विहिरीचा काठ, मग घरांच्या गुडघ्याएवढ्या उरलेल्या भिंती. सगळं एकाच मातकट रंगाचं आणि अगदी शांत. लांबवर पाणी चकाकत होतं. मी तात्यांच्या घराच्या भिंतीवरून पाय टाकणार तोच त्यांनी मला दंडाला धरून थांबवलं. "तिकून नको. भिंत हाय तिथं." ते वळसा घालून दाराच्या जागी गेले, चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावला आणि आत आले. आम्हीही तसंच केलं. आत आल्यावर मला खरोखरच सावलीत आल्यासारखं वाटलं. वर तर नुसतं ऊन होतं.

तात्या ओसरीच्या दगडावर बसले आणि नेहमीप्रमाणे ब्रिटिश सरकारवर घसरले. या वेळी सुलभाने त्यांना मध्येच थांबवलं. "तात्या, सरकारचं सगळंच चूक नाहीये. आमच्या कड्याची जी माती पडते ना, तिचीच वाळू होऊन पुढच्या गावाच्या किनाऱ्याला लागते. ती वाळू आहे म्हणून ते गाव वाचलंय. आमच्याकडे भिंत बांधली तर त्यांचं जाईल." एवढं बोलून तिने घाबरून तात्यांकडे पाहिलं. सरकारची बाजू तिने प्रथमच घेतली होती.

तात्या पाण्याकडे वळले. मला वाटलं, आता भडका उडणार.

"हेच," ते म्हणाले. "अगदी हेच. धरनाचा सायेब इथंच बसला व्हता, ह्याच दगडावर. म्हनला, तुमचं गाव गेलं की खाली लोकांना प्यायला पानी, शेताला पानी. खोटं नव्हता बोलत तो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सकाळी नळ सोडतेस ना, ते हेच पानी."

"मग तुम्ही लोकांनी काय केलं?" सुलभाने विचारलं.

"बा हटून बसला. पानी वट्याला लागलं तरी निघंना. मग आईनं काय केलं, शेन आनलं आन सगळं घर सारवलं. ही ओसरी, आतली खोली, चुलीपुढची जागा. उंबऱ्यावर रांगोळी काढली. बाला म्हनली, उठा आता. द्यायचं हाय तर सारवून देऊ, वढून कशाला न्यायला लावायचं? तवा उठला तो." ते हाताने दगडावरचा वाळलेला गाळ पुसत राहिले. "सुले, सोड ते घर. पूर्वेच्या पान्याचं माझं चुकलं."

सुलभा रडायला लागली. रडत रडतच म्हणाली, "तुम्ही स्वतःवर रागावणार नाही ना?"

"रागावनार तर! पन माझ्यावर नाय, तुझ्यावर बी नाय. तुझ्या सरकारवर. वाळू दुसऱ्याच्या कामाला येते ना? मग द्या की भरपाई! आमच्या सरकारनं खडकाळ का हुईना, जमीन दिली. हे छदाम देत नायत!"

हे त्यांनी इतक्या मोठ्याने म्हटलं की लांब गाळात बसलेले बगळे उडाले. आम्ही तिघंही हसलो. परतताना ते दारातूनच बाहेर पडले.

सुलभा परत गेली आणि महिन्याभरात तिने आणि तिच्या नवऱ्याने आतल्या बाजूच्या एका शहरात भाड्याचं घर घेतलं. बंगली रिकामी राहिली, विकत कोण घेणार? तात्यांनी आपलं वचन पाळलं. भरपाईच्या प्रश्नावर त्यांनी त्यानंतरच्या प्रत्येक मंत्र्याला कट्ट्यावरून फैलावर घेतलं, आणि मला आजही त्यांचंच बरोबर वाटतं. जगाचं भलं होणार असेल तर त्याची किंमत काठावरच्या चार घरांनीच का मोजायची, हा प्रश्न मी पुढे कितीतरी शिकलेल्या माणसांना विचारला. त्यांनी उत्तर म्हणून मला भलतंच काहीतरी समजावून सांगितलं.

काही वर्षांनी, एका हिवाळ्यात तात्यांची छाती भरली. सुलभा निघून आली. दवाखान्याच्या त्या खोलीत दुपारचं पिवळं ऊन असायचं आणि तात्या बहुतेक वेळ झोपेत असायचे. अशाच एका दुपारी तिच्या नवऱ्याचा फोन आला, की रात्री वादळ झालं आणि बंगली कड्यावरून खाली गेली. तात्यांना सांगावं की नाही, यावर आम्ही दाराशी उभ्या राहून कुजबुजत होतो. माई म्हणाल्या, "सांगा. ह्यांचा सगळा जीव तिकडं लागलाय." सुलभाने मलाच सांगायची खूण केली. ती त्यांच्या उशाशी बसली, आणि मी वाकून म्हटलं, "तात्या, सुलभाचं घर गेलं."

डोळे मिटलेलेच होते. नुसते ओठ हलले.

"सगळं?"

"सगळं, तात्या."

त्यांचा हात चादरीवरून चाचपडू लागला. कपाळावर आठ्या पडल्या.

"सुली आत नव्हती ना?"

"नाही तात्या, मी इथे आहे," सुलभा म्हणाली आणि तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तात्यांनी तिची बोटं एकेक करून दाबून पाहिली, नीट खात्री करून घेतल्यासारखी. मग कपाळ हळूहळू सैल झालं.

"मग जाऊ दे," ते म्हणाले.