वाघमारे दादांची सही

वाघमारे दादा गेले. ते नसते तर मी आज बहारीनमध्ये नसतो.

सकाळी नागपूरहून त्यांच्या मुलीचा मेसेज आला. तेव्हापासून कामात लक्ष नाही.

मी इथल्या पाण्याच्या प्लांटवर नवा होतो, तेव्हाची गोष्ट. ऑफिसचं नेटवर्क आणि पंप चालवणारे कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक फायरवॉल होती, म्हणजे कोणाला आत सोडायचं ते ठरवणारा डबा. माझं लॉगिन फक्त बघण्यापुरतं.

एकदा आधीच्या माणसाने सोडलेल्या हँडओव्हर फाइलमधली लिंक उघडली. फायरवॉलच्या सेटिंगचं पान अर्धवट लोड झालं. बाहेर पडताना मी सवयीने सेव्ह दाबलं.

अर्धे नियम पुसले गेले. कंट्रोल रूमचे स्क्रीन कोरे. ऑपरेटर धावत जाऊन हाताने पंप सांभाळायला लागले.

"ॲडमिन पासवर्ड किसने दिया?" मॅनेजर.

"किसीने नहीं, सर."

"व्ह्यू लॉगिन से ये होता ही नहीं. झूठ मत बोलो."

माझा व्हिसा गेल्यात जमा होता. बायकोला काय सांगायचं, याची वाक्यं मी जुळवत होतो.

पासवर्ड दोघांनाच माहीत. मॅनेजर आणि सीनियर टेक्निशियन वाघमारे दादा. "मी दिला नाही" एवढं म्हणून दादा मोकळे झाले असते.

ते मला म्हणाले, "खोटं बोलून नाई राह्यला ना बे? मंग घाबरतं काहून?"

तुबली भागातल्या वर्कशॉपमधून त्यांनी तसाच स्पेअर डबा आणला. तीच सेटिंग टाकली. मॅनेजरसमोर माझ्या लॉगिनने तीच लिंक उघडली.

पान उघडलं. सेव्हही झालं.

व्ह्यू लॉगिनला सेटिंगमध्ये जायचं बटण दिसत नव्हतं, एवढंच. लिंक हातात असली की डबा अधिकार तपासतच नव्हता.

मग मॅनेजरने डबा बसवतानाचा जुना टेस्टिंगचा कागद काढला. 'तपासलं, ओके.' खाली दादांचीच सही.

"बटन नहीं दिखता, इतना ही देखा था साहब. लिंक से जाके नहीं देखा. गलती मेरी है."

मी सुटलो. वॉर्निंग लेटर त्यांना मिळालं. प्रमोशन खलास.

मला लाज वाटते, त्या दिवशी मला फक्त आनंदच झाला होता.

पुढे एकदा अदलिया भागात चहा पिताना धीर करून विचारलं, "दादा, तुमची सही आहे हे तेव्हा लक्षात होतं?"

"होतं ना. म्हून तं डबा आनला."

जय भीम, दादा.