इवान साहेबाचं पाणी

काका बोलता बोलता मधेच दक्षिणेकडे बोट करायचे आणि म्हणायचे, "साहेब तिकडंच आहे."

नवा माणूस हमखास फसायचा. "तिकडं म्हंजे हावेरीला?"

"अरे, पितर कुठं असतात? दक्षिणेला. नोड, बघ की, साधी गोष्ट."

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेलच, ज्याच्याशी जरा बोललं की दिवसभर तंद्री उतरत नाही. हुबळीत आमच्या समोरच्या घरात हे काका होते. कोप्पीकर रोडवरचं भांड्यांचं दुकान विकून टाकलेलं, काकू गेलेल्या, मूलबाळ नाही. दुपारी व्हरांड्यात अर्धे डोळे मिटून बसायचे. माझं ऑफिसचं काम घरूनच, त्यामुळे चहा त्यांच्याकडं!

तर साहेब. काकांचे आजोबा पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याकडे गेलेले, एका गोऱ्या कॅप्टनचे ऑर्डर्ली म्हणून. इवान साहेब. वाळवंटात साहेबाला गोळी लागली आणि शेवटचं पाणी आजोबांनी पाजलं. परत आल्यावर त्यांनी घरात नियमच करून टाकला: शेवटचं पाणी ज्यानं पाजलं, पुढचं पाणीही त्याच्याच घरानं द्यायचं. तेव्हापासून दर सर्वपित्री अमावास्येला सगळ्या पूर्वजांमागून साहेबाचं नाव, आडनावासकट. आधी आजोबा, मग वडील, मग काका. ते सांगायला लागले की समोरचा रस्ता, रिक्षा, सगळं पुसट व्हायचं आणि नुसती वाळू दिसायची.

"आणि गोत्र?" मी विचारलं.

"ठाऊक नसलं की कश्यप. साहेब कश्यप गोत्राचा!"

मी इतकी हसले की चहा सांडला. काका पण हसले. मग हळूच म्हणाले, "पण माझ्यामागं त्याला पाणी कोण देणार गं?"

"मी देते की!"

"तू आज हितं, उद्या बेंगळूरला. त्याचं कुणी असलं तर बघ. कॉम्प्युटरात सगळं मिळतं म्हणे."

मला काय, निमित्तच हवं होतं! नाव त्यांना पाठ. मी स्पेलिंग बदलून बदलून टाकत राहिले आणि सापडला! खरंच सापडला! वेल्समधल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आपल्या घराण्याची माहिती लावून ठेवलेली. साहेब त्यांच्या आजीचा भाऊ. वडील दगडाच्या खाणीत कामाला, हा शिकून मास्तर झाला, मग पलटणीत गेला. लग्न नाही.

"काका, साहेब इंग्रज नव्हताच! वेल्श होता. घरात त्यांची भाषाच वेगळी."

"म्हंजे घरात एक, बाजारात एक?"

"हो."

"आपल्यासारखंच की!" लांबचा कुणी नात्यातला निघावा तसे काका कितीतरी वेळ स्वतःशीच मान हलवत राहिले.

बाईंना मेल केली, मग व्हिडिओ कॉल. काकांनी टोपी घातली. बाईंच्या मागं हिरव्या टेकड्या, त्यावर धुकं. बाई म्हणाल्या, साहेब गेल्यावर त्याचं नाव निघालं की त्याची आई रडायची, म्हणून घरात कुणी त्याचं नाव काढेना. हळूहळू विसरूनच गेले सगळे.

मी मराठीत सांगितलं.

"आई होती ती. तिला काय बोलायचं," ते म्हणाले. "पण हिला सांग, नाव हितं घेत होतो. एक वर्ष चुकलं नाही."

मी सांगितलं. बाईंना रडू आलं. मग त्यांनी विचारलं, "आता मी काय करू?"

काका गिऱ्हाईक आल्यासारखे ताठ बसले. "सांग तिला. दक्षिणेला तोंड, ओंजळीत पाणी. नाव घ्यायचं, अंगठ्याच्या बाजूनं सोडायचं. अष्टे, एवढंच."

"आणि तीळ?" मी विचारलं.

"तिकडं कुठले तीळ? पाणी पुरे. साहेबाला तहानच लागली होती."

त्या उन्हाळ्यात काका गेले, दुपारच्या झोपेतच. पुतण्या येऊन घराला कुलूप लावून गेला. मी बाईंना मेल केली, काकांचं पूर्ण नाव लिहून. अमावास्येची तारीखही कळवली. बाकी काही नाही.

अमावास्येच्या दुपारी मी हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडवर रिक्षात होते आणि त्यांचा व्हिडिओ आला. समुद्राचा काठ, वारा, बाईंचे पांढरे केस उडतायत. वाकून ओंजळ भरली, साहेबाचं नाव घेतलं, अंगठ्याच्या बाजूनं पाणी सोडलं. मला वाटलं, झालं.

बाई परत वाकल्या. दुसरी ओंजळ भरली आणि अडखळत अडखळत, वडिलांच्या नावासकट, काकांचं नाव घेतलं.