मुरुमचे मामा आणि 'जमलं'

'जमलं' हा शब्द ऐकून घाबरणारं घर अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात एकच असेल, आणि ते मुरुमला माझ्या मामांचं आहे. इतर माणसं एखादी गोष्ट जमली की तिच्यावर आयुष्य काढतात. मामा ती सोडतात. न जमणाऱ्या गोष्टीवर त्यांचा जीव जडतो, तिच्यापायी ते जेवणखाण विसरतात, आणि ती वश झाली रे झाली की जत्रा संपल्यावर पाळणेवाला निघतो तसे निवांत निघून जातात.

पहिली पेटी. मामा भजनात पेटी वाजवायचे तेव्हा सुरुवातीला गाणारे एकीकडे आणि पेटी दुसरीकडे असायची. पण वर्षानुवर्षं घासून एका सोमवारी महादेवाच्या देवळात ती अशी वाजली की गावातला सगळ्यात खडूस आडत्या डोळे पुसायला लागला. मामांनी घरी येऊन पेटी फडक्यात बांधली, शेजाऱ्याला देऊन टाकली आणि मामीला म्हणाले, "जमलं." मग छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर लिहायला लागले. पहिल्याच पत्रिकेत चंद्र-चांदण्यांचं वर्णन एवढं ऐसपैस झालं की लग्नाचं ठिकाण लिहायला जागा उरली नाही, आणि निम्मं वऱ्हाड उमरग्यात हिंडत राहिलं. पुढं हात असा बसला की त्यांची पत्रिका वाचून, भावाशी बोलणं टाकलेली एक आत्या आपणहून हळदीला आली. झालं, मामांनी छापखान्याला रामराम ठोकला.

त्यानंतर ढोकीचं फ्लेक्सचं दुकान. साखर कारखान्याचं गाव, वाढदिवसाच्या फलकांना तोटा नाही. मामांच्या पहिल्या फलकावरच्या पुढाऱ्याला त्याच्या आईनंही ओळखलं नाही. शिवाय कुणाचा फोटो मोठा, यावरून रोज भांडणं. मामा रंगांत आणि अक्षरांत बुडाले, आणि अखेर त्यांनी असा एक फलक केला की त्यावरच्या प्रत्येकाला आपलाच फोटो मोठा वाटला. त्या संध्याकाळी ते खुशीत घरी परतले तेव्हा मामी दारातच आपल्या माहेरच्या कानडीत म्हणाली, "साकु." म्हणजे पुरे.

आता ते गावातल्या शाळेत गाणं शिकवतात. ही नोकरी टिकली, म्हणून मामीनं पत्रे काढून घराला स्लॅब टाकायचं धाडस केलं, आणि नेमका तेव्हाच तिचा मला धाराशिवला फोन आला. "लवकर ये बाबा. मामाच्या वर्गातली पोरगी गॅदरिंगमधी लई चांगली गायली." हे ती रडत सांगत होती. मी एसटी पकडली.

मामा दारातल्या वाळूच्या ढिगावर बसले होते. मी सरळच विचारलं, शाळा सोडताय का?

"म्या कशाला सोडू?" मामा म्हणाले. "जमलं ते तिला. ती निघाली आता लातूरला, मोठ्या गुरुजीकडं शिकायला. उद्या वर्गात पुन्हा नवी पोरं. सा कुठं लावायचा ते त्यांला ठाव न्हाय."

मामीच्या जिवात जीव आला आणि ती चहा टाकायला आत गेली. मामा वाळूत बोटानं रेघा ओढत राहिले. त्यांचा एवढा उतरलेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता, आणि मला फार वाईट वाटलं.

"पेटी सोडली, छापखाना सोडला, ढोकी सोडली. दरवेळी हसतच घरी आलो बघ," ते हळूच म्हणाले. "मागं ऱ्हाणाऱ्याला असं व्हतं, ते न्हाय कळलं कधी."