तिन्ही डिस्कना कुंकू

कप खाली ठेवा आधी. ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही! आमच्या कंपनीचा अख्खा सर्व्हर मी एकटीने झोपवला, तोही नवी साडी नेसून, हसत हसत आणि वर टाळ्या घेऊन.

भाईंदर पूर्वेला आमची स्टीलच्या भांड्यांची कंपनी. मी अकाउंट्सला. आणि माझं टेबल कुठे? पॉलिशच्या मशीनला खेटून! दिवसभर घर्रर्र आवाज, वर ती काळी धूळ. घरी गेले की नवरा विचारतो, "ऑफिसातून आलीस की कोळशाच्या वखारीतून?" मे महिन्यात तर मी पार उकडून निघते.

अशात शेठनी ठरवलं, कंपनीला सर्व्हर घ्यायचा. बिलं, भांड्यांची डिझाइन्स, सगळं एका जागी. आणि त्याच्यासाठी खास केबिन, एसी लावलेली! का? तर म्हणे त्याला उकाडा सोसत नाही. अहो, मग मला सोसतो का?

त्याच क्षणी मनाशी पक्कं केलं. काही झालं तरी या सर्व्हरची सगळी जबाबदारी आपण घ्यायची आणि आपलं टेबल त्या केबिनमध्ये न्यायचं.

"शेठ, मी बघते ना सर्व्हरचं," मी म्हटलं. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा ओढून काढला होता, त्यामुळे शेठच्या लेखी मी इंजिनिअरच.

"साळवीबेन, तुमही देखो," शेठ म्हणाले. "सब बराबर जम गया तो टेबल अंदर ले लेना."

सर्व्हर देणाऱ्या दुकानातून फरहीन नावाची इंजिनिअर आली. काशीगावात राहणारी, तरुण, फटाफट बोलणारी. तिने समजावलं, सगळा डेटा एकाच डिस्कच्या भरवशावर ठेवायचा नसतो, दोन-तीन डिस्कवर वाटून ठेवायचा. त्या वाटणीला म्हणतात रेड. त्याचे प्रकार नंबरांवरून ओळखायचे.

"झीरो सबसे फास्ट है. पर एक डिस्क गई तो सब गया."

"झीरो?" शेठ दचकले. "धंधे में झीरो नहीं लाने का!"

"फिर वन. दोनों डिस्क पे सेम टू सेम कॉपी."

"मतलब दो खरीदने का और जगह एक की मिलेगी?" शेठचा चेहराच पडला.

"तो फिर फाइव्ह. तीन डिस्क. एक बंद पडली तरी काम चालू."

पाच! झीरोपेक्षा मोठा, एकपेक्षा मोठा. अजून काय हवं? "शेठ, पाचच घ्या," मी अशा ठसक्यात म्हटलं, जणू माझ्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या रेड फाइव्हच वापरतात.

जाताना फरहीन दारात थांबली. "आंटी, एक जाएगी तो चलेगा. दूसरी गई तो खतम, हां."

आता खरं सांगू? मी त्या 'आंटी'वरच अशी काही अडकून राहिले, की पुढचं काही डोक्यात शिरलंच नाही. माझे केस काय पांढरे दिसतात काय हिला!

मग आला दसरा. कारखान्यात दसऱ्याला मशीनची पूजा असते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. प्रेसला हार, लेथला हार, आणि त्या मेल्या पॉलिशच्या मशीनलाही हार. सर्व्हरची ही पहिलीच पूजा, त्यामुळे केबिनमध्ये ही गर्दी! माझं टेबल आत न्यायचा मुहूर्तही आजचाच. आमचे डिस्पॅचवाले म्हात्रे काका, मोरवा गावचे, मोबाइलवर शूटिंग करत होते. ऑफिसच्या ग्रुपवर टाकायला मीच सांगितलं होतं ना!

म्हटलं, नुसती पूजा काय करायची, शेठना चमत्कार दाखवू. कॉम्प्युटरवर एक बिल उघडून ठेवलं आणि सर्व्हरच्या कप्प्यातून एक डिस्क सर्रकन ओढली.

"बघा शेठ! डिस्क बाहेर, काम चालू!"

खरंच चालू होतं! टाळ्या! सर्व्हर मात्र पीं पीं ओरडायला लागला.

"ताई, त्यो डबा बोंबलतंय," म्हात्रे काका म्हणाले. "काय बिघारला न्हाय ना?"

"खूश झालाय तो, काका. तुम्ही शूटिंग करा."

डिस्क पाटावर ठेवली. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. आणि माझी नजर आतल्या दोघींकडे गेली.

आता तुम्हीच सांगा, दारात तिघीजणी आल्या तर एकीला कुंकू लावून दोघींना तशाच पाठवतो का आपण? होतो का जीव? शिवाय पहिली काढली तेव्हा काय झालं? काही नाही! मी दुसरी काढली. मग तिसरी.

पीं पींचं आता एकच लांबलचक पीssss झालं. मला ती सनई वाटली, बोला!

"साळवीबेन," शेठ म्हणाले, "बिल किधर गया?"

"येईल शेठ, आधी आरती होऊ दे."

आरती झाली. तिघींना पुसून-बिसून परत कप्प्यांत बसवलं. बिल काही येईना. सगळे स्क्रीन ढिम्म, सर्व्हरवर नुसते लाल दिवे. शेठच्या तोंडचं पाणी पळालं. केबिन गेली खड्ड्यात, नोकरी तरी राहते का आता?

फरहीनला फोन केला. सुट्टी होती तिची, तरी बिचारी स्कूटीवरून धावत आली. तिने पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"पहली कौन सी निकाली थी?"

कोणाला माहीत? पुसल्या तरी तिघीही कुंकवाने सारख्याच माखलेल्या! ती म्हणाली, पहिली काढल्यावरही काम चालू होतं, म्हणजे तिच्यातला डेटा मागे राहिलेला. उरलेल्या दोघींना आधी उठवायला हवं. उलटसुलट झालं, तर सगळं पाण्यात.

"शूटिंग हाय ना माझ्याकं!" म्हात्रे काका ओरडले.

मग काय विचारता! अख्खं ऑफिस त्या मोबाइलवर वाकलं. माझाच आवाज, फुल व्हॉल्यूमवर. "बघा शेठ! डिस्क बाहेर, काम चालू!" फरहीन मागेपुढे करून पाहत होती. "खूश झालाय तो, काका," हे तर तिने पुन्हा लावून ऐकलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

पहिली काढलेली आता मधल्या कप्प्यात होती. फरहीनने ती बाजूला ठेवली, बाकीच्या दोघींच्या खाचांतल्या अक्षता ब्रशने झटकल्या, त्या बसवल्या आणि पटापट काही बटणं दाबली. मी डोळे मिटून आठवतील त्या सगळ्या देवांना हाका मारल्या.

"आ गया!" शेठ ओरडले. बिल आलं होतं! डिझाइन्सही आली! मी फरहीनला अशी कडकडून मिठी मारली, की तिच्या ओढणीलाही कुंकू लागलं. शेठनी सगळ्यांसाठी फाफडा-जिलबी मागवली. मला इतकं हसू येत होतं, की डोळ्यांतून पाणी थांबेना.

खाता खाता शेठनी विचारलं, "मॅडम, अभी दूसरा कौन सा रेड लगाएं, ताकि ऐसा फिर से ना हो?"

मी कान टवकारले. माझं टेबल अजून केबिनच्या दारातच होतं, अर्धं आत, अर्धं बाहेर.

फरहीनने शांतपणे जिलबी संपवली. सर्व्हरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रेड यही ठीक है, सर. बस, आंटी को बाहर बिठाओ."