अर्ध्या सासूचा रकाना

एम.ए. झाल्यावर मी साताऱ्याला एका संशोधनाच्या कामावर लागले, आणि त्याच उन्हाळ्यात इस्लामपूरला घरी माझ्यासाठी माण तालुक्यातलं स्थळ आलं. मुलगा मुंबईत गिरणीत कारकून, लग्नानंतर मी गावीच राहायचं. आबांनी विचार करायला रविवारपर्यंत मुदत दिली.

योगायोग असा की आमच्या पाहणीचा प्रश्नही तोच होता. नवरा मुंबईला असला की घरात बाईचं चालतं का? तक्ता म्हणत होता, नाही. 'घरात कोण ठरवतं' याला अशा बहुतेक बायकांनी 'मालक' हेच उत्तर दिलं होतं. पण दहिवडीकडच्या एकीनं हेच उत्तर देता देता माझ्यादेखत घासाघीस करून शेळी विकली. मालक तिकडे मुंबईत. मी म्हटलं, "हे तर तुम्हीच ठरवलंत की!"

"छ्या! ठरवत्यात त्येच. मी निस्ती इकती."

हिला कुठल्या रकान्यात घालायचं? 'मालक'वर खूण केली आणि दिवसभर स्वतःवरच चिडले.

मग पाहणी चालवणाऱ्या आमच्या सरांनी तक्त्यात सासू असलेली घरं आणि नसलेली घरं वेगळी काढली, तर सगळं उलटंच झालं. सासू नसेल तिथे, नवरा गावात असलेलीपेक्षा मुंबईवाल्याच्या बायकोचंच जास्त चालत होतं. सासू असेल तिथे कुठल्याच सुनेचं चालत नव्हतं. मुंबईवाल्यांच्या बायका बहुतेक सासूपाशी राहत, म्हणून आधी तसं दिसलं होतं.

मी हुरळले. पण माझ्या होऊ घातलेल्या सासूबाई सुगीला गावी आणि एरवी मुंबईत, लेकाला रांधून घालायला. मग मला सासू आहे की नाही? सरांना भीत भीत विचारलं, तर ते हसले. "अहो, तक्ता पुष्कळ घरांबद्दल बोलतो, एका घराबद्दल नाही." मग मी काय करावं, हे काही ते बोलले नाहीत.

रविवारी घरी गेले, तेव्हा आबांनी विचारलं, "काय गं, कळवू का व्हय म्हणून?" मी अजून मनात घरंच वेगळी करत होते. तोंडातून शब्द फुटेना. पोरगी लाजली असं धरून आबांनी टोपी चढवली आणि ते मध्यस्थाकडे निघाले. मी दारापर्यंत धावले. त्यांना थांबवायचं होतं, पण थांबवून सांगायचं काय, हो की नको, तेच कळेना. मला रडू कोसळलं.

आई चुलीपासून उठून आली, पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडतीस कशापायी? आपल्यात पोरीला इचारल्याबिगर ठरवत न्हाईत."

विचारलं होतं, हे खरंच होतं.