खाच नसलेली खुकरी

तलवारीने केक कापल्याची बातमी मी इतक्या वेळा लिहिली आहे की आता फक्त चौकाचं नाव आणि वाढदिवस असलेल्याचं वय बदलावं लागतं. 'धारदार शस्त्र जप्त' हा मथळाही तयारच असतो. बुलढाण्याच्या कार्यालयात बसून इतकी वर्षं पात्यांबद्दल लिहिलं, पण एकही पातं हातात धरून पाहिलं नव्हतं. तरी भाच्याने फौजेत वापरायला खुकरी निवडायचं काम माझ्यावर टाकलं, तेव्हा घरात कोणालाच नवल वाटलं नाही. पेपरवाल्याला सगळं माहीत असतं असा आमच्या नात्यात समज आहे. तो मी कधी खोडून काढलेला नाही.

भाचा पायदळात नाईक आहे. त्याची तुकडी ईशान्येच्या जंगलात असते. तिथे वाट काढायला, बांबू तोडायला आणि तंबूच्या खुंट्या छाटायला हाताशी पातं लागतं. त्याच्या आधीच्या खुकरीचं पातं एकदा बांबूवर घाव घालताना मुठीतून सुटलं आणि शेजारच्या जवानाच्या कानाजवळून गेलं. कान वाचला. पण त्या दिवसापासून तो जवान भाच्याच्या बाजूला उभा राहत नाही. भाचा सुट्टीवर चिखलीला घरी आला तो हे मनात घेऊनच. परत जाताना नवी खुकरी न्यायची होती.

"मामा, दिसाले कशीबी राहो," तो म्हणाला. "मुठीतून सुटाले नाही पाह्यजे. बस."

मी पद्धतशीर चौकशी सुरू केली, म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. एक गृहस्थ बागेत उभं राहून खुकरीने पाण्याच्या बाटल्या कापत होते. शत्रू बाटलीच्या आकाराचा असेल तर त्यांचा सल्ला मोलाचा होता. पात्याच्या मुळाशी जी छोटी खाच असते, ती कशासाठी, याची पाच तज्ज्ञांनी पाच कारणं दिली. रक्त ओघळून मुठीवर येऊ नये म्हणून, असं एक म्हणाला. दुसऱ्याने तिच्यात त्रिशूळ पाहिला, तिसऱ्याने गाईचं खूर. म्यानातून काढलेली खुकरी रक्ताशिवाय परत ठेवत नाहीत, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

मी हे भाच्याला वाचून दाखवलं. तो जेवत होता.

"आमच्या तुकडीत एक नेपाळी उस्ताद हायेत," तो म्हणाला. "ते तिच्यानं कांदे कापतात, लाकडं फोडतात. एकदा पायाचं नख काढलं होतं. रगत निघालं ते तेवढ्याच टायमाले."

एका विक्रेत्याने 'ट्रकच्या कमानपाट्यापासून घडवलेली अस्सल नेपाळी खुकरी' अशी जाहिरात केली होती. ती मागवावी असं ठरत आलं होतं. अडचण माझी होती. ऑनलाइन मागवलेली शस्त्रं पकडल्याच्या बातम्या मीच लिहितो. पार्सलवर माझं नाव नको होतं. कायदा अवजार आणि हत्यार यांत फरक करतो. ठाण्यातला शिपाई लांबी पाहतो.

शेवटी आम्ही बाजार समितीमागच्या लोहाराकडे गेलो. तो पातं भट्टीतून काढत होता आणि बायको घण मारत होती. त्याने मोबाइलवरचा फोटो अंगठ्याने मोठा करून पाहिला.

"हा तं कोयता हाये. जरा लठ्ठ हाये, अन् पोटात वाकला."

"नेपाळातले लोक ट्रकच्या कमानपाट्याचा करतात," मी माहिती दिली.

"मंग आम्ही काय रेल्वेच्या रुळाचा करतो का?" त्याच्या मागे कमानपाट्यांची चळत पडली होती. चिखलीतला प्रत्येक कोयता त्यातूनच निघालेला होता. ही अस्सलपणाची खूण आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याने भाच्याला एक जुना दांडा पकडायला दिला आणि बोटं जिथे मिळतात तिथे कोळशाने खूण करून घेतली. पाच तज्ज्ञांपैकी एकानेही हात मोजायला सांगितलं नव्हतं. पात्याचं मुठीत शिरणारं शेपूट आरपार जाऊन मागून ठोकलेलं हवं, असं भाच्याने सांगितलं.

"कोयत्याचं तसंच असते. नाही तं बाईमाणूस वावरात कापन ना स्वतःले."

मग त्याने फोटोतल्या खाचेवर बोट ठेवलं. "हे कायले?"

मी पाच कारणं सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली.

"म्हंजे कामाची नाही. मंग काऊन पाडू? तिथूनच मोडन."

तिसऱ्या दिवशी खुकरी तयार झाली. लोहाराने पाणी फक्त धारेला दिलं होतं. सगळं पातं बुडवलं तर काचेसारखं मोडतं, हे त्याने बिडी पेटवता पेटवता सांगितलं. व्हिडिओत याच गोष्टीला शतकांचं रहस्य म्हटलं होतं. मूठ धावड्याच्या लाकडाची होती, कुऱ्हाडीच्या दांड्याला वापरतात ते. पॉलिश नव्हतं. भाच्याने ती चार वेळा हवेत फिरवली आणि पहिल्यांदाच सुट्टीवर आल्यासारखा हसला.

घरी भाऊजींनी ती पाहिली. माझे भाऊजी, म्हणजे भाच्याचे वडील, पंचायत समितीतून निवृत्त झाले आहेत. कोणतीही वस्तू व्यासपीठावर कशी दिसेल, यावरून ते तिची पारख करतात.

"हे तं आपल्या गोठ्यात पडेल हाये," ते म्हणाले. "सायबासमोर काढशील का हे?"

भाऊजींची अडचण वेगळी होती. गल्लीतल्या मंडळाने रविवारी सकाळी भाच्याचा सत्कार ठेवला होता. स्मृतिचिन्हं सगळ्यांच्याच घरात झाली आहेत, म्हणून यंदा खुकरी द्यायची असं मंडळाच्या अध्यक्षांनी ठरवलं. क्रिकेटच्या ढाली बनवून देणाऱ्या दुकानातून ती आणली होती. पितळी सिंहाचं तोंड असलेली मूठ, मखमली म्यान, पात्यावर मंडळाचं नाव. भाच्याने हीच खुकरी सीमेवर न्यावी, हातात धरून फोटो पाठवावा आणि त्याचा फ्लेक्स पुढच्या उत्सवात लागावा, असा भाऊजी आणि अध्यक्षांमध्ये ठराव झाला होता. भाच्याला ठराव कळवण्यात आला होता.

"बाबा, हे शोकेसची हाये."

"लोकायनं प्रेमानं देली बे. तुले कोयता पाह्यजे."

सत्कार वेळेपेक्षा दीड तास उशिरा सुरू झाला, म्हणजे वेळेवर. शाल झाली, भाषणं झाली, खुकरी दिली गेली. आमच्याकडे ट्रॅक्टर घ्या, बोअर मारा, दुकानाचं शटर बसवा, नव्या वस्तूला नारळ होतोच. अध्यक्षांनी माइकवरून तशी आठवण केली. एरवी नारळ दगडावर फुटतो. पण ही वस्तूच धारेची असल्याने नारळ तिनेच फोडावा, असं तिथल्या तिथे ठरलं.

"काका, हे त्या कामाची नाही," भाचा हळूच म्हणाला.

"फौजी माणूस तू. एक नारळ फुटत नाही का तुह्यानं?" माइक चालू होता. लोक हसले.

भाच्याने वडिलांकडे पाहिलं. वडील फोटोग्राफरकडे पाहत होते. मग त्याने व्यासपीठावरच्या सगळ्यांना दहा पावलं मागे घेतलं, अध्यक्षांना सगळ्यांत आधी. शिस्त म्हणून असेल, असं लोकांना वाटलं. मला तो कान आठवला.

घाव बसला. नारळावर ओरखडा आला. पातं मुठीतून निघालं, गालिच्यावरून घसरत गेलं आणि माइकच्या स्टँडपाशी थांबलं. सिंह भाच्याच्या मुठीत राहिला.

"जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत," निवेदक म्हणाला. त्याचं लक्ष हातातल्या कागदावर होतं. टाळ्या झाल्या.

"नारळ कडक निघाला," अध्यक्षांनी खुलासा केला.

भाऊजी उठले. त्यांनी पातं उचललं, मग भाच्याच्या हातातून मूठ घेऊन तिच्यात डोकावून पाहिलं. शेपूट करंगळीच्या पेराएवढं होतं आणि आत लाख भरलेली होती. ज्या जागी मघाशी उपाध्यक्षांची खुर्ची होती, बरोबर त्या रेषेत पातं गेलं होतं. भाऊजींनी ती रेषा दोनदा डोळ्यांनी मोजली.

घरी आल्यावर त्यांनी लोहाराची खुकरी मागितली. पात्याला टॉवेल गुंडाळला, दोन पायांत धरलं आणि मूठ पिरगाळायला लागले. ओढून पाहिली, ओट्याच्या कडेवर आपटली. दहा मिनिटं हे चाललं. बहिणीने चहा ठेवला, तो निवला. मूठ हलली नाही.

"हे घेऊन जाय," ते म्हणाले.

"अन् फोटो?"

"फोटो राहू दे."

दुसऱ्या दिवशी भाचा गेला. खुकरी ट्रंकेत तळाशी, गणवेशांच्या खाली होती. माझ्या पेपरात बातमी आली: 'जवानाचा खुकरी देऊन सत्कार'. मीच लिहिली. तिच्यात एकही शब्द खोटा नव्हता. नारळाला जागा पुरली नाही. मंडळाची खुकरी चिकटवून भाऊजींच्या बैठकीत टांगली आहे आणि मुलाने नेली ती हिचीच जोडी, असं ते पाहुण्यांना सांगतात.

महिन्याभराने भाच्याचा फोन आला. नेपाळी उस्तादांनी ती हातात घेतली, मुळाशी बोट फिरवलं आणि खाच नाही म्हणजे ही खुकरी नाही, असा निकाल दिला. मग बांबू तोडून पाहतो म्हणून घेऊन गेले आणि दोन दिवस परत केली नाही.

"अन् तो कानवाला?" मी विचारलं.

"राहते उभा आता. एका हाताचं अंतर ठेवते, पण बाजूलेच राहते."

पुढच्या वेळी चिखलीला गेलो तेव्हा लोहाराला उस्तादांचा निकाल सांगितला. तो वखराची पास ठोकत होता. बायकोने घण थांबवला.

"बरोबर हाये त्याचं," लोहार म्हणाला. "म्या कोयताच केला होता."